कॅप्टन कोपेइकिनचा अर्ज

निकोलाय गोगोलच्या ‘मृत आत्मे’ या ग्रंथाच्या दहाव्या प्रकरणात एका प्रांतिक शहरातील सरकारी अधिकारी पोलीसप्रमुखाच्या घरी जमतात. मेलेल्या भूदासांची खरेदी करीत फिरणारा चिचिकोव्ह हा गृहस्थ नेमका कोण, या प्रश्नाने त्यांची झोप उडालेली आहे. बनावट नोटा छापणारा असेल, वेषांतर करून आलेला सरकारी तपासनीस असेल, असे तर्क चाललेले असताना पोस्टमास्तरला एकाएकी साक्षात्कार होतो : हा दुसरातिसरा कोणी नसून कॅप्टन कोपेइकिन होय! कोपेइकिन कोण, हे तिथे कोणालाच ठाऊक नसते. मग पोस्टमास्तर त्याची हकीकत सांगतो. ही हकीकत थोड्याच पानांत आटोपते. कादंबरीच्या कथानकाला तिच्यामुळे कोणतेही वळण मिळत नाही, आणि चिचिकोव्ह हा कोपेइकिन नव्हे, हे तर ती पुरी होण्याआधीच उघड होते. कथानकाच्या हिशेबाने ती वगळली असती तरी चालले असते. गोगोलला मात्र ती वगळणे कदापि मान्य नव्हते. १८४२ साली सेन्सॉरने नेमकी हीच पाने कापली, तेव्हा ती वाचविण्यासाठी त्याने जी धडपड केली, तिच्यावरूनच या उपकथेचे मोल वाचकाने ओळखावे.

हकीकत साधी आहे. नेपोलियनविरुद्धच्या लढाईत कोपेइकिनचा एक हात आणि एक पाय तुटतो. जखमी सैनिकांसाठी सरकारने त्या वेळी काहीच व्यवस्था केलेली नसते. तो बापाकडे जातो. बाप म्हणतो, मलाच जेमतेम भाकर मिळते, तुला कोठून खाऊ घालू? तेव्हा झारच्या कृपेची याचना करावी म्हणून हा लाकडी पायाचा माणूस मजल दरमजल करीत पीटर्सबर्गला पोहोचतो. झार परदेशी आहे, सैन्य अजून पॅरिसहून परतलेले नाही. एका बड्या मंत्र्याच्या दारी तो खेटे घालतो. प्रत्येक वेळी त्याला थांबायला सांगण्यात येते. खिशातले पैसे संपतात. अखेर तो हट्टाला पेटतो आणि निकाल लागल्याशिवाय हलणार नाही असे सांगतो. तेव्हा त्याला सरकारी हरकाऱ्याच्या पहाऱ्यात राजधानीबाहेर पाठविले जाते. दोन महिने उलटतात न उलटतात तोच र्‍याझानच्या जंगलात दरोडेखोरांची टोळी उभी राहते, आणि तिचा नायक म्हणजे... इथे पोस्टमास्तरचे बोलणे तोडले जाते.

एवढ्या सारांशावरून ही करुणकथा वाटेल. अन्यायाने पिचलेला शूर सैनिक, निष्ठुर मंत्री आणि सूड, हा साचा एकोणिसाव्या शतकातील वाचकाला परिचयाचा होता. गोगोलने तो साचा हाती घेतला, पण कथा सांगायला बसविले ते पोस्टमास्तरला. त्यामुळे सारेच बदलले.

हा पोस्टमास्तर आपल्या बोलण्याला ‘सजवितो’. प्रत्येक वाक्यात तो श्रोत्याला ‘महाराज’ म्हणून संबोधतो, ‘कल्पना करा’ म्हणतो, ‘एका परीने’, ‘म्हणायचे तर’, ‘असं बघा’ अशी पालुपदे पेरतो. अशा बोलभाषेतील, निवेदकाच्या लकबींनी घडलेल्या कथनाला रशियन समीक्षेत ‘स्काझ’ ही संज्ञा आहे. बोरिस आयखेनबाउमने गोगोलच्याच ‘ओव्हरकोट’ या कथेवरील १९१९ मधील निबंधात या कथनपद्धतीचे विश्लेषण केल्यापासून गोगोलच्या विनोदाकडे पाहण्याची दृष्टीच पालटली. मात्र कोपेइकिनच्या कथेतील स्काझ निव्वळ विनोदासाठी आहे असे मानणे ही चूक ठरेल. ‘एका परीने’ हे पालुपद कुठे येऊन बसते, ते पाहावे. मंत्र्यापुढे उभा राहून कोपेइकिन आपली कैफियत सांगतो. ती पोस्टमास्तरच्या तोंडून आल्यामुळे त्याने हात आणि पायही ‘एका परीने’ गमावलेले असतात. जी गोष्ट कोणत्याही परीने सांगता येत नाही, जी फक्त असते, तिलाच हे पालुपद चिकटते. बोलण्याची सवय वस्तुस्थितीला कशी कुरतडते, याचे इतके नेमके उदाहरण दुसरे क्वचितच सापडेल. मराठीत ही कथा आणू पाहणाऱ्याला पारावरच्या गप्पांतील ‘काय सांगू रावसाहेब’ची लय हाताशी आहे, तेव्हा पालुपदे जमविणे अवघड नाही. अवघड आहे ते त्यांची जागा राखणे. ती भरताड समजून गाळली, तर कथेतील हिंसाच गळून जाईल.

हीच गोष्ट रणभूमीची. कोपेइकिनचे अवयव क्रास्नीला गेले की लाइपझिगला, हे पोस्टमास्तरला नक्की सांगता येत नाही. क्रास्नीची लढाई नोव्हेंबर १८१२ मधील, माघार घेणाऱ्या फ्रेंचांशी रशियाच्या भूमीवर झालेली. लाइपझिगची ऑक्टोबर १८१३ मधील, जर्मनीत झालेली. मधे अकरा महिने आणि अर्धा युरोप आहे. सांगणाऱ्याच्या लेखी मात्र दोन्ही सारखेच. उलट पीटर्सबर्गमधील मंत्र्याच्या वाड्याची वर्णने करताना त्याला कशाचेही विस्मरण होत नाही. भिंतीवरचे संगमरवर, खिडक्यांच्या काचा, गदा घेतलेला सेनापतीसारखा द्वारपाल, हे सगळे तो तपशिलाने आणि आवडीने सांगतो. दाराची मूठच इतकी लखलखीत, की तिला हात लावण्यापूर्वी दुकानातून साबण आणून दोन तास हात घासावेत! ही अतिशयोक्ती हसविते खरी. पण हात धुण्याची ही गोष्ट एकच हात उरलेल्या माणसासंबंधी चालली आहे, आणि हे सांगणाऱ्याच्या ध्यानातही नाही. गोगोल त्याकडे बोट दाखवीत नाही. तो पुढे जातो.

बापाच्या प्रसंगाला तर एकदोन वाक्येच मिळाली आहेत. इथे दुसऱ्या एखाद्या लेखकाने चूल, म्हातारा, अश्रू असे चित्र रंगविले असते. गोगोलने बापाला दोषही दिला नाही, दयाही दाखविली नाही. घर आणि सरकार ही दोन स्थळे त्याने एकाच वाक्यरचनेत बसविली : बाप म्हणतो माझ्याकडे नाही, मंत्री म्हणतो अजून ठरलेले नाही. फरक एवढाच, की बापाचे म्हणणे खरे आहे. पुढे अकराव्या प्रकरणात चिचिकोव्हच्या लहानपणीची कथा येते. त्याचा बाप त्याला शाळेत सोडताना उपदेश करतो की मित्र दगा देईल, पैसा देणार नाही, म्हणून कोपेक कोपेक जपून ठेव. कोपेइकिन हे आडनाव या कोपेकवरूनच आलेले आहे. मराठीत ‘दमडे’ असे आडनाव योजावे तसाच हा प्रकार. शिवाय आयुष्य म्हणजे एक कोपेक, अशा अर्थाची म्हणही रशियनांच्या तोंडी आहे, तिला आपल्याकडील ‘कवडीमोल’ हा शब्द जवळचा. एकाला बापाकडून कोपेक जपण्याची शिकवण मिळाली, दुसऱ्याला बापाकडून कोपेकही मिळाला नाही. पोस्टमास्तर दोघांना एकच समजतो, ही त्याची चूक हास्यास्पद असली तरी तिच्यात कादंबरीकाराने एक खरा धागा लपविला आहे. दोघेही सरकारच्या दफ्तरातील एका रिकाम्या जागेभोवती फिरत आहेत.

ती रिकामी जागा कोणती, हे समजून घेण्यासाठी चिचिकोव्हचा व्यापार लक्षात घ्यावा लागतो. रशियात भूदासांची गणना दीर्घ अंतराने होत असे आणि एका गणनेपासून दुसरीपर्यंत जमीनदाराला नोंदलेल्या प्रत्येक पुरुषामागे डोईपट्टी भरावी लागे. मधल्या काळात मेलेला माणूस कागदावर जिवंतच राहत असे. रशियन भाषेत आत्म्याला आणि भूदासाच्या शिराला शब्द एकच, ‘दुशा’. चिचिकोव्ह असे मेलेले ‘आत्मे’ स्वस्तात विकत घेतो, कारण त्यांना जिवंत म्हणून गहाण टाकले तर पालक मंडळाकडून माणशी दोनशे रूबल कर्ज उभे करता येईल. हे पालक मंडळ मुळात अनाथालयांचा कारभार पाहणारी संस्था. तिची पतपेढी ही त्या कारभाराचाच भाग होती. म्हणजे जे राज्य मेलेल्या शेतकऱ्यावर दोनशे रूबल द्यायला तयार आहे, त्याच राज्यात जिवंत कोपेइकिनच्या नावापुढे लिहायला रकाना नाही. मंत्री दुष्ट आहे असे गोगोल म्हणत नाही. मंत्र्याचे म्हणणे कारभाराच्या दृष्टीने बिनचूकच आहे : झार परतल्यावर जखमींसंबंधी काहीतरी ठरेल, तोवर त्याला काही करता येत नाही. कोपेइकिनचे अपंगत्व डोळ्यांना दिसते. गणवेशाला टाचलेली रिकामी बाही दिसते, लाकडी पाय दिसतो. पण दिसणे आणि नोंदले जाणे यांत अंतर आहे, आणि त्या अंतरात माणूस उपाशी राहतो.

इतिहासाच्या दृष्टीनेही ही पोकळी काल्पनिक नाही. जखमी सैनिकांच्या मदतीसाठी निधी जमविणारे ‘रशियन इन्व्हॅलिड’ हे वृत्तपत्र १८१३ मध्ये निघाले, आणि जखमी अधिकाऱ्यांना साहाय्य करणारी समिती पहिल्या अलेक्सांद्रने १८ ऑगस्ट १८१४ रोजी स्थापन केली. रशियन सैन्य पॅरिसमध्ये शिरले ते मार्च १८१४ अखेरीस. कोपेइकिनचे खेटे बरोबर या दोहोंच्या मधल्या काळात पडतात. अवयव गमावून झालेले आणि समिती अजून व्हायची, अशा त्या महिन्यांत तो सापडला आहे. सरकारी मदतीचा निधी पुष्कळ नंतर निघाला, असे पोस्टमास्तरही जाता जाता सांगतो; त्याला त्यात काही विशेष वाटत नाही. राज्याच्या लेखी हा उशीर थोडाच असेल. ज्याच्या खिशात पाच रूबलांची एकच निळी नोट उरली आहे, त्याच्यासाठी तेवढा उशीर म्हणजे सगळे आयुष्य.

म्हणूनच या कथेत भुकेला इतकी जागा आहे. राजधानीतील दुकाने हा कथेचा सर्वांत समृद्ध भाग. मंत्र्याने पहिल्या भेटीत एकदोन दिवसांनी येण्यास सांगितले, एवढ्यावर कोपेइकिनला पेन्शन मिळाल्यासारखेच वाटते. त्या आनंदात तो चांगल्या उपाहारगृहात जेवतो, मद्य मागवितो, नाटकाला जातो. पुढे दारे बंद होत जातात तसा तो त्याच रस्त्यांवरून रिकाम्या पोटी फिरतो. परदेशी आचाऱ्याच्या स्वयंपाकघराचा वास येतो, मिल्युतिनच्या दुकानाच्या खिडकीतून अख्खा रावस मासा त्याच्याकडे पाहतो, पाच रूबलांना एक चेरी, आणि गाडीएवढे कलिंगड शंभर रूबल मोजणाऱ्या मूर्खाची वाट पाहत बसलेले. माणसाने वस्तूंकडे पाहण्याऐवजी इथे वस्तूच माणसाकडे पाहतात. आणि त्याच्या ताटात वाढले जाते ते एकच पक्वान्न, ‘उद्या’. पोस्टमास्तर इथे स्वतःच्याही नकळत कवी होतो, कारण खाण्याच्या पदार्थांविषयी त्याला मनापासून कळकळ आहे. श्रोत्यांच्या तोंडाला पाणी सुटले असेल. कोपेइकिनची भूक पोस्टमास्तरने नेमकी पकडली, ती अशी स्वतःच्या जिभेमुळे. त्याची जखम मात्र त्याच्या हाती लागली नाही.

बाल्झाकच्या ‘कर्नल शाबेर’ची इथे आठवण होणे अपरिहार्य आहे. १८३२ मधील या कृतीतील शाबेर १८०७ च्या आयलाऊच्या लढाईत मेलेला म्हणून नोंदला जातो आणि मृतांच्या ढिगाखालून जिवंत बाहेर येतो. बायकोने दुसरे लग्न केलेले, मालमत्ता गेलेली. तोही दफ्तराविरुद्ध उभा आहे. त्याला आधी मी जिवंत आहे हेच सिद्ध करायचे आहे. पण शाबेरला देर्व्हिल हा वकील मिळतो, जो मध्यरात्री दिवा लावून त्याची हकीकत पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकतो. बाल्झाकच्या कथेतील सारी करुणा त्या ऐकण्यातून निर्माण होते. शाबेर हरतो, पण त्याचा आवाज वाचकापर्यंत पोहोचतो. कोपेइकिनला देर्व्हिल नाही. त्याचा आवाज पोहोचतो तो एका गप्पिष्टाकडून, अनेक वर्षांनी, दूरच्या शहरात, भलत्याच माणसाची ओळख पटविण्यासाठी. दोन कृतींत श्रेष्ठ कोणती, हा वाद निष्फळ आहे. पण ज्याला वकील नाही अशा माणसाची कथा कोणत्या रूपात उरते, हा प्रश्न गोगोलने विचारला, आणि तो अधिक कठोर आहे.

सेन्सॉरला या उपकथेतील धोका समीक्षकांच्या आधी कळला, असे म्हणावे लागते. मॉस्कोच्या सेन्सॉर समितीत आत्मा अमर असताना ‘मृत आत्मे’ हे नावच कसे चालेल, अशी हरकत निघाली. हस्तलिखित पीटर्सबर्गला गेले. तिथे मार्च १८४२ मध्ये निकितेन्को या सेन्सॉरने ग्रंथाला परवानगी दिली, शीर्षकाआधी ‘चिचिकोव्हची साहसे’ हे शब्द जोडायला लावले, आणि कोपेइकिनची कथा संपूर्ण नाकारली. एका जमीनदाराचा लोभ, दुसऱ्याचा मूर्खपणा, अधिकाऱ्यांची लाचखोरी हे सगळे चालले. झारसाठी हातपाय गमावलेल्या माणसाला झारच्या मंत्र्याने हाकलले, एवढे चालले नाही. गोगोलने एप्रिलमध्ये कथा पुन्हा लिहिली. नव्या संहितेत मंत्र्याच्या जागी नुसता ‘वरिष्ठ’ आला, त्याची वागणूक सौम्य झाली, आणि कोपेइकिनच्या अंगी चैनीची आवड भरण्यात आली, जेणेकरून आपल्या दशेला तोच कारण आहे असे दिसावे. तशी ती मे १८४२ मध्ये छापली गेली. पुढील काळातील आवृत्त्यांनी मूळ पाठ परत आणला आहे.

हा बदल किरकोळ नाही. मागणाऱ्याचा हक्क नाकारायचा असेल, तर मागणाऱ्याचे शील तपासावे, ही युक्ती सर्वच काळांतील कचेऱ्यांना ठाऊक असते. मूळ कथेतही कोपेइकिन एक दिवस चांगलेचुंगले जेवतो. पण तिथे ते जेवण त्याच्या आशेचे माप आहे. सुधारलेल्या पाठात तेच त्याच्या अपराधाचा पुरावा होते. काही शब्दांच्या फेरफाराने अर्जदार आरोपी बनतो. गोगोलने हे कबूल केले, कारण कथा अजिबात नसण्यापेक्षा दुबळी असलेली बरी, असे त्याला वाटले. ही कथा घटनांच्या साखळीसाठी नव्हे, तर वाचकाचे मन क्षणभर दुसरीकडे नेण्यासाठी आपल्याला हवी, असे कारण त्याने त्या वेळी दिले. सेन्सॉरपुढे दिलेल्या कारणांवर कितपत विसंबावे, हा प्रश्नच आहे. केवळ विरंगुळ्यासाठी कोणी आपल्या ग्रंथातील पाने इतक्या जिद्दीने वाचवीत नाही.

कथेची मुळे कुठे आहेत, याविषयी रशियन अभ्यासकांनी बरेच खोदकाम केले आहे. किरेयेव्स्कीच्या लोकगीतसंग्रहात कोपेइकिन नावाचा दरोडेखोर आढळतो. युरी लोटमनने या पात्राचे नाते पुश्किनच्या अपुऱ्या राहिलेल्या कल्पनांतील उमरावी दरोडेखोराशी जोडले. ही माहिती उद्बोधक आहे, पण कथेतील कोपेइकिनला दरोडेखोर होताना कोणी पाहतच नाही. अधिक बोलका आहे तो गोगोलचाच एक आधीचा खर्डा. त्यात कोपेइकिनची टोळी फक्त सरकारी पैसा लुटते. मग तो अमेरिकेला जातो आणि तिथून झारला पत्र लिहितो. त्या पत्राने झारचे मन द्रवते आणि जखमींसाठी निधीची स्थापना होते. म्हणजे त्याचा अर्ज मान्य होतो तो त्याला मदतीची गरज उरलेली नसताना, आणि हुकमाच्या टप्प्याबाहेरून लिहिल्यावर! हा शेवट गोगोलने पुढे काढून टाकला, हे योग्यच झाले. त्यात उपरोध तीक्ष्ण असला तरी झारच्या दयेने गोष्ट पूर्ण होते, अर्जाला उत्तर मिळते. अंतिम पाठात उत्तर नाही. मंत्र्याने रागाने म्हटलेले असते की स्वतःचे साधन स्वतः शोध. तीन अर्शीन, म्हणजे सात फूट उंचीच्या हरकाऱ्याशेजारी गाडीत बसलेला कोपेइकिन तेवढे एक वाक्य बरोबर घेऊन जातो. ठीक आहे, शोधतो. निदान प्रवासाचे भाडे पडले नाही, याबद्दल तो मनात आभारही मानतो, आणि ते खोटे नाहीत. राज्याने त्याला फुकट दिलेली ही एकच गोष्ट.

यानंतर पोलीसप्रमुख मधेच बोलतो. कोपेइकिनला एक हात आणि एक पाय नव्हता असे तूच म्हणालास, चिचिकोव्हचे तर हातपाय शाबूत आहेत. पोस्टमास्तर कपाळावर हात मारून घेतो आणि सर्वांसमक्ष स्वतःला वासराचे मांस म्हणवितो. ज्याने हकीकतीच्या आरंभीच हातपाय तुटल्याचे सांगितले, त्यालाच ते आठवत नव्हते. अनेक समीक्षकांनी हा प्रसंग गोगोलच्या विसंगतीप्रधान विनोदाचा नमुना म्हणून उद्धृत केला आहे, आणि तो तसा आहेही. पण विस्मरण कशाचे झाले? पात्राचे नाव, उपाहारगृहे, माशांचे भाव, द्वारपालाची गदा यांपैकी काहीही सुटले नाही. सुटले ते नेमके तेच, ज्यासाठी कोपेइकिन पीटर्सबर्गला गेला होता. मंत्र्याने निदान ते पाहिले तरी होते. सांगणाऱ्याने ते तोंडाने उच्चारले आणि गमावले. प्रत्येक जखम दोनदा नाकारली जाते, एकदा कचेरीत आणि एकदा हकीकतीत. गोगोलने दुसऱ्या नकाराला पहिल्याहून कमी गंभीर मानले नाही.

पोस्टमास्तर लगेच सावरू पाहतो. इंग्लंडात यंत्रविद्या इतकी पुढे गेली आहे म्हणे, की कळ दाबताच माणसाला कुठच्या कुठे घेऊन जाणारे लाकडी पाय तिथे निघाले आहेत. यावर कोणाचा विश्वास बसत नाही. सभा कोपेइकिनला सोडून नव्या तर्काकडे वळते : चिचिकोव्ह म्हणजे सेंट हेलेनावरून सुटून वेषांतर करून आलेला नेपोलियन तर नसेल? आणि इथे गोगोल एक तपशील सहज टाकून देतो. हा पोलीसप्रमुख १८१२ च्या मोहिमेत लढलेला आहे. कोपेइकिनचा हात आणि पाय त्या खोलीत फक्त त्याच्याच लक्षात राहिले, पण राहिले ते ओळख पटविण्याची खूण म्हणून. त्याने नेपोलियनला स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले होते. तेव्हा सगळे त्याच्याकडे पाहतात, आणि तो विचार करून सांगतो की नेपोलियनची उंची चिचिकोव्हहून काही जास्त नव्हती, आणि अंगाने तो फार लठ्ठही नव्हता, फार किरकोळही नव्हता.